टीसीएल टाकतो, आरओ बसवला. मग नदीसाठी कायदा कशाला?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नदीकाठच्या गावात ग्रामपंचायत रोज टाकीत टीसीएल पावडर (क्लोरिनयुक्त ब्लीचिंग पावडर) टाकते, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का हे रंगावरून दाखवणारी चाचणी) पिवळी येते, ज्यांना परवडते त्यांच्या घरी आरओ बसले आहे. मग वरच्या अंगाला नदीत कोण काय सोडतो यासाठी कारखान्यांच्या आणि नगरपालिकांच्या मागे कायद्याचा ससेमिरा लावून लोकांच्या आरोग्यात नेमका काय फरक पडतो? प्रश्नकर्ते स्वतः पंचायत सदस्य आहेत आणि त्यांच्या गावातली काही मुले वरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत, म्हणून प्रश्नात थोडी चीडही आहे. माझी तीस वर्षांहून अधिक नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, त्यातली बरीचशी जलशुद्धीकरण केंद्रावर. त्यामुळे उत्तराची सुरुवात मी कायद्यापासून न करता त्या पिवळ्या रंगापासून करतो.

ओटी टेस्टमधला पिवळा रंग दोन वेगवेगळ्या गोष्टींमुळे येतो. पाण्यात मुक्त क्लोरिन असेल तर रंग काही सेकंदांत उमटतो. क्लोरिन अमोनियाशी संयोग पावून क्लोरामाइनच्या रूपात असेल तर रंग सावकाश, काही मिनिटांत चढतो. क्लोरामाइन हे मुक्त क्लोरिनच्या तुलनेत फारच दुबळे जंतुनाशक आहे. आता नदीच्या पाण्यात अमोनिया येतो कुठून? शेतातल्या खतातून थोडा येतो, परंतु उन्हाळ्यात तो मुख्यतः मैलापाण्यातून येतो. अमोनियाच्या रूपातला एक मिलिग्रॅम नायट्रोजन संपवायला हिशेबाने साडेसात मिलिग्रॅमच्या वर आणि प्रत्यक्षात सुमारे दहा मिलिग्रॅम क्लोरिन खर्ची पडते, आणि ते पडल्यानंतरच मुक्त क्लोरिन शिल्लक राहू लागते. म्हणजे मैलापाणी मिसळलेल्या पाण्यात नेहमीच्या मापाने टीसीएल टाकले, नळी हलवून बाजूला ठेवली आणि पाच मिनिटांनी पाहिली, तर ती पिवळी दिसेल, वहीत ‘योग्य’ अशी नोंद होईल, आणि जंतू मात्र बऱ्याच अंशी जिवंत असतील. जलसुरक्षकाची, म्हणजे गावात टीसीएल टाकून ही चाचणी घेणाऱ्या कर्मचाऱ्याची, यात काही चूक नसते. ही चाचणी बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यासाठी आहे, आणि पाणी तसे राहील हे पाहण्याचे काम त्याच्या हातात नसते.

हीच गोष्ट मोठ्या केंद्राला लागू पडते. कोणतेही जलशुद्धीकरण केंद्र बांधताना कच्चे पाणी कसे असेल याविषयी एक गृहीतक धरलेले असते : गढूळपणा इतका, सेंद्रिय भार इतका, जंतूंची संख्या साधारण इतकी. तुरटीची मात्रा, निवळण टाकीचे आकारमान, वाळूच्या थरांची जाडी, क्लोरिनचा संपर्ककाळ, हे सगळे त्या गृहीतकावर बेतलेले असते. मी ज्या एका केंद्रावर होतो तिथे एप्रिलच्या एका रात्री क्लोरिनची मात्रा दुप्पट करूनही बाहेर जाणाऱ्या पाण्यात मुक्त क्लोरिन शून्य येत होते. सिलिंडर बदलले, डोसर (क्लोरिन मापाने सोडणारे यंत्र) उघडून पाहिला, पाळीवरच्या ऑपरेटरवर विनाकारण ओरडलो. पहाटे जॅकवेलवर, म्हणजे नदीतले पाणी उपसण्याच्या विहिरीवर, गेल्यावर वासानेच कळले की वरच्या गावाचा नाला बंधाऱ्यावरून थेट आमच्या अंगावर आला आहे. त्या रात्री पंप बंद करण्यापलीकडे आमच्या हातात एकही उपाय नव्हता, आणि पंप बंद ठेवले म्हणून सकाळी लोकांच्या शिव्याही आम्हीच खाल्ल्या.

पंप बंद केले नसते तर काय झाले असते याचे उत्तर दिल्लीने १९५५ साली दिलेले आहे, आणि सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते प्रकरण वाचायला हवे. त्या वर्षीच्या पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी उलटे चढून वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचले. नोव्हेंबरच्या मध्यावर काही दिवस हे चालले. केंद्रावरच्या लोकांनी हात बांधून वाट पाहिली नाही. त्यांनी तुरटी आणि क्लोरिन दोन्ही वाढवले. त्याचा परिणामही झाला : शहरात विषमज्वराची किंवा हगवणीची साथ आली नाही. परंतु डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण आढळले. पुढे कित्येक वर्षांनी साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून स्पष्ट झाले की तो आज आपण ‘हेपॅटायटिस ई’ म्हणतो तो विषाणू होता. जिवाणूंना पुरे पडलेले क्लोरिन विषाणूला पुरे पडले नव्हते. या आजारात संसर्गापासून कावीळ दिसेपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे जातात, त्यामुळे पहिला रुग्ण दवाखान्यात आला तेव्हा दूषित पाणी केव्हाच पिऊन झालेले होते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘कावीळच ना, पथ्य पाळले की जाते’ हे आपल्याकडचे बोलणे किती फसवे आहे ते कळते.

शुद्धीकरणाचे तंत्र कितीही चांगले असले तरी ते शेवटच्या टप्प्यावरचे आहे, आणि आजाराची बातमी तर त्याच्याही नंतर येते. या दोन्हींच्या आधी, म्हणजे घाण नदीत पडण्याच्या जागी, हस्तक्षेप करण्याचा अधिकार कोणाला आहे? खालच्या गावाच्या सरपंचाला नाही, डॉक्टरला नाही, माझ्यासारख्या अभियंत्याला नाही. वरच्या माणसाचा आणि खालच्या माणसाचा एकमेकांशी कोणताही व्यवहार नसतो, ओळखही नसते. वरच्याने सांडपाण्यावरचा खर्च वाचवला तर त्याचा नफा त्याच्याकडे राहतो आणि आजारपणाचे बिल चाळीस किलोमीटर खाली दुसऱ्याच कोणाच्या घरी येते. या दोघांना बांधणारा दुवा केवळ कायद्यानेच निर्माण होतो.

याचा सर्वांत जुना आणि मोजलेला पुरावा लंडनचा आहे. १८५२ च्या महानगर पाणी कायद्याने तिथल्या खासगी पाणी कंपन्यांना सांगितले की टेम्स नदीतून पाणी घ्यायचे तर भरती-ओहोटीच्या टप्प्याच्या वरून, म्हणजे टेडिंग्टनच्या वरून घ्या, आणि त्यासाठी त्यांना ऑगस्ट १८५५ पर्यंत मुदत दिली. लॅम्बेथ कंपनीने आपली जागा १८५२ मध्येच हलवली. साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल कंपनी मुदत संपेपर्यंत शहराच्या मैल्याने भरलेले खालचेच पाणी देत राहिली. दोन्ही कंपन्यांचे नळ दक्षिण लंडनच्या त्याच गल्ल्यांतून, कधी शेजारशेजारच्या घरांत गेलेले होते. १८५४ च्या कॉलऱ्यात डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर फिरून मृत्यूंची नोंद केली, तेव्हा साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क-व्हॉक्सहॉलच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू आणि लॅम्बेथच्या दर दहा हजार घरांमागे ३७ मृत्यू असा हिशेब निघाला. जंतुशास्त्र तेव्हा जन्मायचे होते, कॉलऱ्याचे कारण काय यावर डॉक्टरांचे एकमत नव्हते. स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरचा दूषित पाण्याचा हातपंप बंद करायला लावला ती गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असते, पण माझ्या मते ही दुसरी नोंद अधिक मोलाची आहे, कारण तिच्यात एक कंपनी कायद्याप्रमाणे वेळेआधी वागली आणि दुसरी मुदतीचा पुरेपूर उपयोग करत राहिली, एवढाच फरक आहे.

त्याच कायद्याने घरगुती पाणी गाळून देण्याची आणि गाळलेले पाणी झाकलेल्या टाक्यांत ठेवण्याची अटही घातली होती. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये कॉलरा आला आणि साडेपाच हजारांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा तिथल्या कंपनीच्या अभियंत्याने वर्तमानपत्रात लिहून न गाळलेले पाणी दिल्याचा इन्कार केला. चौकशीत मात्र ग्राहकांच्या नळांतून वाम जातीचे मासे निघाल्याचे पुढे आले. वाळूच्या थरातून मासा येत नाही. अट मोडली गेली होती हे सिद्ध करता आले, कारण अट मुळात लिहिलेली होती.

कायद्याच्या या ‘लिहिलेल्या अटी’बद्दल थोडे अधिक सांगतो, कारण सर्वसाधारण वाचकाला ती कारकुनी बाब वाटते. समजा प्रदूषणाचा कायदाच नाही आणि आजारी पडलेल्या माणसाने नुकसानभरपाईसाठी दावा लावायचा आहे. त्याला दाखवावे लागेल की आपली कावीळ पाण्यामुळेच झाली, ते पाणी त्याच नदीचे होते, नदीत घाण टाकणाऱ्या दहा जणांपैकी याच एकाच्या नाल्यातून जंतू आले, आणि तेही पाच आठवड्यांपूर्वी. हे जवळजवळ अशक्य आहे. प्रदूषणविरोधी कायदा हा सिद्धतेचा भार उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो : कोण आजारी पडले हा प्रश्नच तो विचारत नाही, तुमच्या पाइपच्या तोंडाशी काय निघते एवढेच विचारतो. रुग्ण मोजण्याऐवजी तो पाइप मोजतो, आणि म्हणून रुग्ण होण्याआधी कारवाई करू शकतो. अर्थात तो पाइपही काटेकोर मोजावा लागतो. केंद्राच्या १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना घेताना तिथल्या जबाबदार माणसाला तिथल्या तिथे नोटीस द्यावी लागते, त्याने मागणी केल्यास नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, बाटल्या मोहोरबंद करून सह्या घ्याव्या लागतात. यातली एखादी पायरी चुकली की तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहत नाही. घाईगर्दीत डबकन बाटली बुडवून आणलेला नमुना विज्ञानाच्या दृष्टीने खरा असला तरी खटल्याच्या दृष्टीने कागदाचा कपटा ठरतो.

आपल्याकडचा इतिहास फार कमी लोकांना माहीत आहे. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९७४ चा; पण महाराष्ट्राने स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ मध्येच केला होता, आणि त्याच्याच आधारे ७ सप्टेंबर १९७० रोजी आपले प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. पाणी हा राज्यांच्या सूचीतला विषय असल्याने संसदेला राज्यांच्या ठरावांच्या आधारे, संविधानाच्या अनुच्छेद २५२ खाली केंद्रीय कायदा करावा लागला. महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला. त्यातली कलम २४ ची प्रवाहात घातक द्रव्ये सोडण्यावरची बंदी, सांडपाणी सोडण्याआधी मंडळाकडून घ्यावी लागणारी कलम २५ ची संमती आणि १९८८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३३अ, ज्याखाली मंडळ वीज-पाणी तोडण्याचा आणि उद्योग बंद करण्याचा आदेश देऊ शकते, ही तीन हत्यारे प्रत्यक्षात उपयोगी पडतात. माझा अनुभव असा की फौजदारी खटल्याला कोणी फारसे घाबरत नाही. वीज तोडण्याच्या नोटिशीला मात्र घाबरतात.

आता कायद्यातल्या आकड्यांची एक उणीव सांगितली पाहिजे. सांडपाण्याची प्रत मोजायचे जगभरचे प्रचलित माप बीओडी, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी : पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते याचा आकडा. त्याची परंपरा ब्रिटनच्या मैलापाणी आयोगाच्या १९१२ च्या अहवालापर्यंत जाते. तिथे सांडपाण्याचा बीओडी लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत चालेल असे ठरवताना नदीत निदान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल हे धरलेले होते. आपल्याकडे नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅमची आली. पण आपल्या नद्या पावसाळ्याच्या चार महिन्यांनंतर धरणातून सोडलेल्या पाण्यावर जगतात. मे महिन्यात कित्येक पात्रांत आठपट सोडा, एकपटही स्वच्छ पाणी नसते. तेव्हा मर्यादेत बसणारे सांडपाणीसुद्धा नदीत न मिसळता स्वतःच नदी होऊन वाहते. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली ती पंचगंगेच्या पात्रातले पाणी सर्वांत कमी असते त्या उन्हाळ्याच्या काळात, हा योगायोग नव्हे. शिवाय बीओडी हे जंतूंचे माप नाहीच. मैलाशुद्धीकरण केंद्रांच्या राष्ट्रीय मानकांत विष्ठाजन्य कोलिफॉर्मची (मैल्यातून येणाऱ्या जिवाणूंची) मर्यादा २०१७ च्या अधिसूचनेने आली. लोकांच्या आरोग्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आकडा सर्वांत उशिरा आला, असे मला राहून राहून वाटते.

याच संदर्भात एक निरीक्षण. साखर कारखान्याची मळी नदीत सुटली की पाण्याचा रंग बदलतो, मासे तडफडून वर येतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते आणि मोर्चा निघतो. ते योग्यच आहे. परंतु साथीच्या दृष्टीने अधिक घातक असलेले मैलापाणी थोडे मिसळले तर डोळ्यांना दिसतही नाही, आणि ते सोडणारी संस्था बहुधा आपणच निवडून दिलेली असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या हिशेबानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते, त्यातल्या ३१,८४१ दशलक्ष लिटरपुरतीच शुद्धीकरणाची क्षमता बसवलेली होती आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण २०,२३६ दशलक्ष लिटरचेच होत होते. म्हणून पंचायत सदस्य असलेल्या प्रश्नकर्त्यांना मी नम्रपणे सुचवेन की हा वाद ‘कारखाने विरुद्ध गाव’ असा समजू नये.

घरच्या आरओबद्दल. पिण्याचे दोन हंडे त्यातून काढले तरी भाजी धुणे, भांडी विसळणे, आंघोळीत मुलांच्या तोंडात पाणी जाणे, शाळेतला नळ, हॉटेलातला बर्फ, हे सगळे त्याच्या बाहेर राहते. आणि ज्या मजुराच्या घरी ते नाही, त्याच्या घरातून साथ पुन्हा तुमच्या दारी येते.

दुसरा मोठा धोका रसायनांचा आहे, आणि तिथे उकळणे, क्लोरिन, काहीच कामाचे नाही. जपानच्या मिनामाता गावी चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्राच्या खाडीत गेलेला पारा माशांत साठत गेला, माशांतून कोळ्यांच्या कुटुंबांत आणि गर्भातल्या बाळांत. १ मे १९५६ रोजी आजाराची अधिकृत नोंद झाली. पाऱ्याचा विसर्ग मात्र १९६८ पर्यंत चालू राहिला. या मधल्या काळात कायदा नव्हता असे नाही. जपानने १९५८ मध्ये पाण्याच्या प्रतीविषयी दोन कायदे केले होते, पण ते मिनामाताला लागूच केले गेले नाहीत. २००४ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकार आणि कुमामोतो प्रांत यांना याच कारणासाठी जबाबदार धरले : १९५९ च्या अखेरीपर्यंत पुरेशी माहिती हाती असताना हातातला अधिकार वापरला नाही म्हणून. मला हा निकाल आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडेही उणीव कायद्याच्या मजकुरापेक्षा त्याच्या वापराची आहे. कायद्याच्या यादीत जे नाही ते मोजलेही जात नाही, हेही खरे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे औषधकंपन्यांचे सांडपाणी घेणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक सापडल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या रक्तातही हे औषध इतक्या प्रमाणात नसते. औषधांना दाद न देणारे जंतू घडवायला याहून सोयीची जागा शोधावी लागणार नाही.

रोजगाराच्या मुद्द्याला उत्तर द्यायचे तर मी औद्योगिक वसाहतींत जे पाहिले ते सांगतो. एकाच मालाचे दोन छोटे कारखाने शेजारी असतात. एक आपला ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया संच, रोज चालवतो, वीज आणि रसायनांचा खर्च करतो, गाळ भरून पाठवतो. दुसरा तो तपासणीच्या दिवशी चालवतो आणि रात्री झडप उघडतो. बाजारात दुसऱ्याचा माल स्वस्त पडतो. कायदा ढिला झाला तर आधी बुडतो तो पहिला कारखाना, आणि त्याच्याबरोबर तिथली नोकरीही. २०२४ च्या दुरुस्तीने जल कायद्यातल्या अनेक गुन्ह्यांसाठी तुरुंगवासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड आणला. सुरुवातीला तो हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला. खटले वर्षानुवर्षे रेंगाळत होते, त्यामुळे झटपट दंडाची कल्पना मला वाईट वाटत नाही. पण ज्याचा महिन्याचा प्रक्रियाखर्च दंडाहून जास्त आहे, तो दंड हाच भाडेखर्च समजून भरत राहील, ही भीती मला आहे. ठरलेल्या दंडाबरोबर वीज तोडण्याचा अधिकारही वापरला गेला तरच हिशेब बदलतो.

आता तुमच्या गावापुरते. वरच्या तीन नाल्यांपैकी एक औद्योगिक वसाहतीचा आहे असे तुम्ही लिहिले आहे. कलम २५ खाली मंडळाला संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते, आणि ज्याला एखाद्या विसर्गाची बाधा पोचते अशा कोणालाही त्या विसर्गापुरता भाग पाहण्याचा हक्क आहे. पंचायतीच्या ठरावाने तो मागा : रोज किती पाणी सोडायची परवानगी आहे, कोणत्या जागी, कोणत्या प्रतीचे. उरलेल्या दोन नाल्यांसाठी वरच्या नगरपालिकेच्या मैलाशुद्धीकरण केंद्राबाबत हेच करा. सोबत फेब्रुवारी ते जून जॅकवेलच्या कच्च्या पाण्यातला अमोनिया आठवड्यातून एकदा तपासून वहीत लिहा. कच्च्या पाण्याच्या या चाचणीला खर्च थोडा येतो. हे आकडे खटल्यातला पुरावा होणार नाहीत, त्यासाठी मंडळाच्या अधिकाऱ्यानेच कलम २१ प्रमाणे नमुना घ्यावा लागेल, पण त्याने कोणत्या दिवशी आणि कोणत्या नाल्यावर यावे हे त्यांवरून ठरवता येईल. नमुना दुपारी घेऊ नका. पहाटे पाचच्या सुमारास, पंप सुरू करण्याआधी घ्या, कारण झडपा रात्री उघडतात. आणि ओटी टेस्टची नळी हलवल्यावर पहिल्या दहा सेकंदांत जो रंग दिसेल तोच वहीत लिहायला जलसुरक्षकाला सांगा.